एकवीस हजारांच्या आत

"उत्पन्न किती टाकू?" सेतू केंद्रातल्या पोराने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मी आक्कांकडे. आक्का आमच्या गावाकडच्या, घरामागच्या आळीत राहणाऱ्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पदरी दोन मुलं, सातबाऱ्यावर दिराबरोबर सामाईक नाव आणि हातात बांधसुद्धा नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा म्हणून मी त्यांच्याबरोबर तालुक्याला गेलो होतो.

"मला काय ठाव, बाबा. खुरपायला बोलावलं की जाते. कांद्याच्या टायमाला रोज असतंय, मग दोन-दोन म्हयने काईच न्हाई."

"मावशी, निराधारला ना? मग एकवीसच्या आत पाहिजे. वीस टाकतो."

तीन-चार कळा दाबल्या गेल्या आणि आक्कांची गरिबी मोजून झाली. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांची डिजिटल सही, सगळं त्या वीस हजारांच्या मागोमाग यथावकाश आलं.

परतीच्या एसटीत मी हिशेब करत बसलो. या योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. खुरपणीचा रोज तीनशे धरला तर सत्तर दिवसांत एकवीस हजार भरतात. एकाहत्तराव्या दिवशी बाईने खुरपं हातात घेतलं की कागदोपत्री ती निराधार उरत नाही. तेच एकवीस हजार तीन माणसांत वाटले तर माणशी महिन्याला ५८३ रुपये येतात. नियोजन आयोगाने तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ सालासाठी ग्रामीण दारिद्र्यरेषा काढली होती ती ८१६ रुपयांची, आणि एवढ्यात कोण जगतं म्हणून तिच्यावरही देशभर कडाडून टीका झाली होती. महाराष्ट्रात निराधार ठरायचं तर त्या रेषेच्याही खाली, आणि तेही आजच्या भावात, जगून दाखवायचं. तसं कोणी जगत नाही. म्हणून सगळे वीस टाकतात.

बरं, हा एकच आकडा असता तरी चाललं असतं. पिवळ्या रेशनकार्डाची मर्यादा १५,००० रुपये. केशरी कार्ड एक लाखापर्यंत. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,०००. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी आठ लाख. एकाच तहसील कार्यालयाच्या खिडकीवर पंधरा हजारांपासून आठ लाखांपर्यंत सगळे 'गरीब' एका रांगेत उभे असतात, आणि प्रत्येकाला आपला आकडा आधीच माहीत असतो. तिथे उत्पन्न विचारत नाहीत, योजना विचारतात. उत्पन्न त्यावरून निघतं.

या दाखल्यांच्या फेऱ्यातून सोडवू पाहणारी एक कल्पना म्हणजे मूलभूत उत्पन्न: सरकारने प्रत्येक नागरिकाला दरमहा काही ठराविक रक्कम बिनशर्त द्यावी. तिच्यावर बोलताना बहुतेक लोक दोन प्रश्नांवर भांडतात: पैसे आणायचे कुठून, आणि फुकट मिळालं तर लोक कामं करतील का. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण त्यांच्याआधी एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो बहुतेकदा अर्थतज्ज्ञांच्या टेबलावरच राहतो: गरिबी मोजतो म्हणजे आपण नेमकं काय करतो? माझं म्हणणं असं की या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळी कामं कोंबली आहेत. किती लोक गरीब आहेत आणि किती कमी पडतंय, हे शोधणं हे एक काम. हा माणूस गरीब आहे आणि तो नाही, हे ठरवणं हे दुसरं. पहिलं काम नमुना पाहणीने बऱ्यापैकी जमतं. दुसरं कोणालाच नीट जमलेलं नाही. मूलभूत उत्पन्नाच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम युक्तिवाद दुसऱ्या कामाच्या या अपयशातून येतो, आणि त्याला असलेला सर्वांत मोठा धोका पहिल्या कामातल्या लबाडीतून.

मोजण्याची सुरुवात निवडण्यासाठी झालीच नव्हती. दादाभाई नौरोजींनी १८७०च्या दशकात हिंदुस्थानातल्या माणशी उत्पन्नाचा हिशेब मांडला तो वर्षाला सुमारे वीस रुपयांचा, आणि त्याच्या शेजारी त्यांनी ठेवला तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च. इंग्रज सरकार कैद्याला जेवढं देतं तेवढंही या देशातल्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे त्यातून दिसत होतं. ही मोजणी म्हणजे सरकारवर भरलेला खटला होता. दादाभाईंना कोणत्याही शेतमजुराच्या नावापुढे खूण करायची नव्हती.

स्वतंत्र भारतात १९६२ साली नियोजन आयोगाच्या कामासाठी एक गट बसला. त्यात धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते, पीतांबर पंत, व्ही. के. आर. व्ही. राव, अशोक मेहता, मिनू मसानीही होते. समाजवाद्यापासून स्वतंत्र पक्षवाल्यापर्यंत सगळे एका टेबलाशी. त्यांनी ठरवलं की पाच माणसांच्या कुटुंबाला १९६०-६१च्या भावाने महिन्याला किमान शंभर रुपये, म्हणजे माणशी वीस आणि शहरात पंचवीस, एवढा खर्च करता आला पाहिजे. पण त्याला एक पुस्ती जोडलेली होती. आरोग्य आणि शिक्षण या आकड्यात धरलेलं नाही, कारण ते राज्यघटनेप्रमाणे आणि इतर जबाबदाऱ्यांप्रमाणे सरकारच पुरवील. ही पुस्ती लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

मग १९७१ साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास आला. त्यांनी माणशी रोज २,२५० उष्मांकांचा निकष धरला आणि तेवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीला मिळतं ती पातळी शोधली: गावात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. गावातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरातले सुमारे निम्मे लोक त्याखाली होते. या आकड्यांनी दिल्ली हादरली. डेक्कनवरच्या त्या दगडी इमारतीत बसून दोन माणसांनी देशाला त्याचं ताट किती रिकामं आहे ते सांगितलं, याचा पुणेकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही. (पुणेकरांना अभिमानासाठी निमित्त लागतं असं नाही, पण हे खरोखरचं आहे.) पुढे १९७९मध्ये अलघ गटाने गावात २,४००, शहरात २,१०० उष्मांकांची रेषा आखली, १९९३मध्ये लकडावाला समितीने ती राज्यवार केली, २००९मध्ये सुरेश तेंडुलकरांनी उष्मांकांचा खुंटा सोडला आणि शिक्षण-आरोग्यावरचा खाजगी खर्च आत घेतला, २०१४मध्ये रंगराजन समितीने ती आणखी वर नेली. २०११-१२ या एकाच वर्षी तेंडुलकरांच्या मापाने २१.९ टक्के भारतीय गरीब होते आणि रंगराजन यांच्या मापाने २९.५ टक्के. मधले नऊ कोटींहून जास्त लोक एका अहवालात गरीब आणि दुसऱ्यात नाहीत. त्यांच्या घरी मात्र त्या दोन अहवालांच्या मधल्या काळात चूल होती तशीच पेटत होती.

मोजमापातली गंमत इथेच संपत नाही. पाहणी करणारा घरी येतो आणि विचारतो, गेल्या तीस दिवसांत तांदूळ किती आणला, तेल किती, गूळ किती, विडी किती. २०११-१२च्या पाहणीत अशा ३४७ वस्तूंची यादी होती, २०२२-२३मध्ये ४०५. तुम्ही स्वतः करून पाहा. गेल्या महिन्यात कोथिंबिरीवर किती गेले? मला सांगता येणार नाही. गेल्या आठवड्याचं विचारलंत तर कदाचित सांगेन, आणि तो आकडा चौपट केला तर महिन्याच्या आकड्यापेक्षा जास्त भरेल. नेमकं हेच १९९९-२०००च्या फेरीत झालं. त्या आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं की अन्नासाठी तीस दिवसांऐवजी सात दिवसांची आठवण विचारली तर खर्च वाढलेला दिसतो आणि गरिबी निम्म्यावर येते. मग त्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच घरात एकामागोमाग विचारले गेले, माणसांनी दोन उत्तरं एकमेकांशी जुळवून घेतली, आणि गरिबी १९९३-९४च्या ३६ टक्क्यांवरून २६वर आली का, यावर अर्थशास्त्रज्ञ पुढची कित्येक वर्षं भांडत राहिले. एवढ्या कोटी लोकांची गरिबी माणसाच्या स्मरणशक्तीवर टांगलेली होती. पुढे तर २०१७-१८च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केले नाहीत आणि दशकभर देशाला खर्चाचा अधिकृत आकडाच नव्हता.

तरीही मी म्हणेन की हे काम करण्याजोगं आहे. चुका आहेत, पण त्या उघड्यावर आहेत, त्यांच्यावर वाद होतो आणि पुढच्या वेळी पद्धत सुधारते. शेतीच्या उत्पादनाचा अंदाज जसा चार प्लॉट कापून काढतात तसंच हे. कोणाच्या शेतात नेमकं किती पिकलं ते त्यावरून कळत नाही, आणि कळायची गरजही नसते.

गोंधळ झाला तो हा अंदाज शेताशेतावर चिकटवायला निघालो तेव्हा. रेशन १९९७ साली सगळ्यांसाठी असायचं बंद झालं आणि दारिद्र्यरेषेखालचे-वरचे अशी फाळणी आली. महाराष्ट्रात १९९९पासून पिवळं, केशरी, पांढरं. मग यादी हवी. २००२च्या बीपीएल गणनेत प्रत्येक कुटुंबाला तेरा प्रश्न विचारले गेले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्यातला एक प्रश्न होता की घरात माणशी कपडे किती: दोनपेक्षा कमी, दोन ते चार, चार ते सहा. गावाच्या चावडीवर एखादी बाई आपली लुगडी मोजून सांगते आहे आणि समोरचा गुण भरतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्याहून वाईट गोष्ट मागे होती. नियोजन आयोगाने नमुना पाहणीवरून राज्यात जेवढे गरीब काढले होते, जवळपास तेवढ्यातच यादी बसवायची होती. म्हणजे रेषा आधी, माणसं नंतर. कोटा संपला की गरिबी संपली. २००४-०५च्या सुमारास वेगवेगळ्या राष्ट्रीय पाहण्या तपासल्यावर दिसलं की ग्रामीण भागातल्या गरीब कुटुंबांपैकी जवळपास निम्म्यांकडे बीपीएल कार्डच नव्हतं. निम्मे. नाणं उडवून वाटप केलं असतं तर निकाल काही फार वेगळा लागला नसता, आणि नाणं निदान सरपंचाचा पुतण्या नसतं.

हे का होतं, ते आक्कांच्या घरून नीट दिसतं. आक्का जानेवारीत गरीब नसतात. कांदा निघत असतो, दोन्ही मुलांना शाळेत मधल्या सुटीत पोटभर मिळतं, उधारी थोडी फिटते. जूनमध्ये त्या फार गरीब असतात. थोरल्याला डेंग्यू झाला त्या वर्षी सगळंच वर्ष गरीब गेलं. नवरा होता तोवर त्या 'घरात' गरीब नव्हत्या, पण नवऱ्याच्या हातातले पैसे त्यांच्या ताटापर्यंत किती पोहोचत हे कोणत्याही पाहणीने कधी विचारलं नाही; माणशी खर्च काढताना घरातला पैसा सगळ्यांत सारखा वाटला जातो असं धरलेलं असतं, जे निदान मी पाहिलेल्या घरांत खरं नव्हतं. गरिबी पावसासारखी येते-जाते आणि यादी दगडात कोरलेली असते. अन्नसुरक्षेचे लाभार्थी किती असावेत हे अजून २०११च्या जनगणनेवर ठरतं. तेव्हा जन्मलेलं मूल आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे.

महाराष्ट्राला या कोंडीवर एकदा फार चांगलं उत्तर सुचलं होतं, आणि आपण ते पुरेसं आठवत नाही. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगावकडे करून पाहिलेली, १९७२च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली आणि १९७७च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी. मागेल त्याला काम. तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. भर उन्हात पाझर तलावावर माती वाहायला जो येतो तो गरजू, एवढी साधी परीक्षा. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा आणि त्यावर ही योजना चालायची, यातही एक खानदानीपणा होता. दांडेकर-रथांचाही कल रोजगाराकडेच होता. वाटायला पुरेशी जमीन नाही, तेव्हा सार्वजनिक कामं काढा, असं त्यांचं म्हणणं. रोहयोने गरिबी मोजली नाही, माती मोजली. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजमाप पुस्तिकेत लिहिली की मजुरी निघाली. त्या पुस्तिकेतही लबाड्या झाल्या, पण घनमीटरची लबाडी पकडता येते.

उणीव एकच, आणि ती मोठी. माती वाहण्याची परीक्षा ज्याच्या अंगात बळ आहे त्याचीच. आठव्या महिन्यातली बाई, मोतीबिंदू झालेला म्हातारा, दिवसभर अपंग मुलाजवळ बसून राहावं लागणारी आई, यांच्यासाठी पाझर तलाव नाही. त्यांच्यासाठी पुन्हा दाखला, पुन्हा खिडकी, पुन्हा वीस हजार.

इथे मूलभूत उत्पन्नाची कल्पना खरी आकर्षक होते. ती मोजतच नाही, सगळ्यांना देते. मध्य प्रदेशात २०११-१२मध्ये 'सेवा' संघटनेने आठ गावांत हे करून पाहिलं. सुरुवातीला प्रत्येक प्रौढाला महिन्याला २००, मुलाला १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०. गावातल्या प्रत्येकाला, पाटलालाही. सवर्ण-दलित, जमीनवाला-भूमिहीन, कोणालाही काही सिद्ध करावं लागलं नाही, आणि बाईचा पैसा बाईच्याच नावावर. त्यातून काय साधलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की त्या गावांत दीड वर्ष कोणी कोणाला 'किती टाकू' असं विचारलं नाही.

मग २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालात तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर अख्खं प्रकरण लिहिलं. गांधीजींशी संवादाच्या रूपात, मोठ्या हुशारीने लिहिलेलं प्रकरण. त्यात आकडा होता माणशी वर्षाला ७,६२० रुपये, पंचाहत्तर टक्के लोकांना, खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्के. आणि परिणाम? गरिबी अर्ध्या टक्क्यावर. ऐकायला किती छान! पण ७,६२० म्हणजे महिन्याला ६३५ रुपये. एवढ्याने गरिबी संपते कशी? कारण मोजपट्टी तेंडुलकर रेषेची आहे, आणि लोक तिच्या जवळपास आधीच उभे आहेत. थोडा धक्का दिला की रेषेपलीकडे. रेषा वीतभर वर सरकवली की तेच ६३५ रुपये तोकडे पडतात आणि अर्ध्या टक्क्याचं चित्र पुसून जातं.

इथेच पहिल्या कामातली लबाडी उपयोगी पडते. रेषा खाली ठेवली की गरीब कमी दिसतात, हे सगळ्यांना कळतं. २०११मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात ३२ आणि गावात २६ रुपये रोज असं प्रतिज्ञापत्र दिलं तेव्हा त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. पण रेषा खाली ठेवली की मूलभूत उत्पन्नही स्वस्त दिसतं, हे कमी लोकांच्या लक्षात येतं. खोटी रेषा आधी गरीब लपवते आणि मग त्यांना द्यायची रक्कमही लपवते.

आणि आता १९६२ची ती पुस्ती काढा. आपल्या दारिद्र्यरेषेचा पायाच असा की शाळा आणि दवाखाना सरकार चालवील. मूलभूत उत्पन्नाचे एका प्रकारचे पुरस्कर्ते म्हणतात, सगळ्या योजना बंद करा, रेशन बंद करा, सरकारी सेवांचा पसारा आवरा आणि त्याऐवजी रोख द्या. म्हणजे ज्या जोत्यावर रेषा उभी आहे ते जोतं उकरायचं आणि रेषा मात्र तेवढ्याच उंचीवर राहील असं धरायचं. आक्कांना महिन्याला हजार रुपये दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्र बंद केलं, तर थोरल्याच्या एका डेंग्यूत वर्षाचे बारा हजार जातात. आजारपण हेच घरं गरिबीत ढकलणारं मोठं कारण आहे, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. रोख रक्कम ही सेवांच्या वर घालायची, सेवांच्या जागी नाही. नाहीतर ती मोजायला आपल्याकडे मोजपट्टीच उरत नाही.

मोजपट्टी बदलली की धोरणाचा निकालही बदलतो, याचं आणखी एक उदाहरण. आता सरकारचा आवडता आकडा नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाचा आहे: २०१५-१६मध्ये २४.८५ टक्के, २०१९-२१मध्ये १४.९६. बारा निकष, पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, संडास, वीज, बँक खातं वगैरे. हा निर्देशांक वाईट नाही, उलट तो घरात डोकावतो. पण त्यात उत्पन्नाचा निकष नाही. उद्या आक्कांना दरमहा दोन हजार मिळू लागले आणि त्यांनी ते उधारी फेडायला आणि डाळ घ्यायला वापरले, तर या निर्देशांकात फारसं काही हलणार नाही. त्याऐवजी त्यांना संडास आणि शून्य शिलकीचं खातं मिळालं तर मात्र दोन रकाने भरतात. जे मोजतो तेच बांधलं जातं. संडासही हवा, हे खरंच. पण रोख रकमेची परीक्षा या पट्टीवर घ्यायची म्हणजे पोहण्याची शर्यत तराजूवर घेण्यासारखं आहे.

मूलभूत उत्पन्न लांब राहिलं. त्याची अर्धीमुर्धी तालीम आपण लाडकी बहीण योजनेत पाहिली. जुलै २०२४पासून २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिन्याला १,५००. अडीच लाखांची अट होती, पण पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर दाखल्याची गरज नाही असं ठरलं, पाच एकरांची अट गेली, आणि योजना जवळजवळ सार्वत्रिक झाली. अडीच कोटींच्या आसपास बायका. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींच्या आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर दरमहा काही येऊ लागलं, आणि त्यावर 'तिने कशावर उडवले' अशी चौकशी करणारे नवरेही पाहिले, ज्यांच्या स्वतःच्या खर्चाची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. निवडणूक झाली. मग छाननी आली. अंगणवाडी सेविकांना घरोघर चारचाकी शोधायला पाठवलं गेलं. ई-केवायसी आली. २०२४-२५ला ४६,००० कोटींची तरतूद होती, ती पुढच्या वर्षी ३६,००० कोटींवर आली. दहा हजार कोटींएवढी गरिबी एका वर्षात महाराष्ट्रातून हटली असं कोणीही म्हटलं नाही. तिजोरी आकसली, म्हणून व्याख्या आकसली. सरकारी नोकर आणि चक्क पुरुषही लाभ घेत होते हे निघालं, ते बंद व्हायलाच हवं. पण तो मुद्दा साधी नोंद तपासण्याचा होता, गरिबी मोजण्याचा नव्हता.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांना द्यायचं तर पैसे कुठून? हा प्रश्न टाळून चालणार नाही. लोकसंख्या १४५ कोटी धरली आणि माणशी महिन्याला हजार रुपये द्यायचे ठरवले तर वर्षाला १७.४ लाख कोटी लागतात. केंद्राचं २०२५-२६चं सगळं अंदाजपत्रकच पन्नास लाख कोटींच्या आसपास आहे. आणि हजार रुपये म्हणजे तरी काय? २०११-१२चे ८१६ आजच्या भावात दुपटीच्या घरात जातात. म्हणजे ज्या रेषेची टिंगल झाली तिच्या दोन तृतीयांशाहूनही कमी देण्यासाठी देशाच्या तिजोरीचा तिसरा हिस्सा. जे पुरस्कर्ते हा हिशेब सांगत नाहीत त्यांच्यावर माझा विश्वास नाही. श्रीमंतांना दिलेला पैसा कराने परत घेऊ म्हणणंही युरोपात सोपं. इथे प्रत्यक्ष आयकर भरणारे मोजकेच.

म्हणून मला वाटतं, सगळ्यांना एकदम देण्यापेक्षा, ज्यांना माती वाहता येत नाही त्यांच्यापासून सुरुवात करावी, पण त्यांच्यातल्या प्रत्येकाला द्यावं. वय मोजता येतं. बाळंतपण लपवता येत नाही. मूल शाळेत आहे हे दिसतं. वैधव्याला दाखला असतो. या गोष्टी ठरवायला 'किती टाकू' लागत नाही. देशात साठीपुढची माणसं पंधरा कोटींच्या आसपास. प्रत्येकाला महिन्याला दोन हजार दिले तर वर्षाला ३.६ लाख कोटी, राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या जवळपास. मोठी रक्कम आहे, पण ती अशक्य कोटीतली नाही. यात निवृत्त न्यायमूर्तींनाही दोन हजार जातील. जाऊ द्या. ते वगळण्यासाठी जी चाळणी लावाल तिच्यातून आधी आक्कांची सासू गळेल, न्यायमूर्ती नव्हे.

आणि मोजणीचं काय? मोजणी तर आता जास्तच हवी, फक्त तिची खिडकी बदलायला हवी. केंद्र सरकारची वृद्धापकाळ पेन्शन साठ ते एकोणऐंशी वयासाठी महिन्याला २०० रुपये आहे. २००७पासून. दोनशेच. त्या वेळी त्यात चार-पाच किलो तूरडाळ यायची, आज दीड किलो आली तर नशीब. राज्य वरून भर घालतं म्हणून ते दिसत नाही. एखादी प्रामाणिक रेषा दरवर्षी काढली जात असती, तिची घोषणा अंदाजपत्रकाआधी होत असती आणि पेन्शन तिच्या अमुक हिश्श्याला बांधलेली असती, तर हे दोनशे रुपये इतकी वर्षं दोनशेच राहू शकले नसते. महागाई भत्ता सरकारी नोकराला मिळतो तो कोणाच्या दयेने नाही, निर्देशांकाने मिळतो. दादाभाईंनी मोजलं ते सरकारला जाब विचारायला. आपण त्याच फूटपट्टीने विधवेला जाब विचारू लागलो. फूटपट्टी पुन्हा सरकारच्या बाजूला वळवायची, एवढंच मागणं आहे.

आक्कांचा अर्ज सात महिन्यांनी मंजूर झाला. १,५०० येतात; दोन महिने तटले तर एकदम येतात. यंदा पुन्हा दाखला काढायचा होता, म्हणून मी गावाला होतो तेव्हा परत त्यांच्याबरोबर गेलो. खुरपणीचा रोज दरम्यान साडेतीनशेवर गेला आहे, म्हणजे आता साठ दिवसांतच एकवीस हजार होतात. सेतूतला पोरगा तोच होता, फक्त आता त्याने दाढी राखली होती. या वेळी त्याने विचारलंच नाही. मागचा अर्ज उघडला, वीस हजार होते तसे राहू दिले आणि यंत्र आक्कांपुढे सरकवून म्हणाला, "मावशी, अंगठा."